आज काय दिसलं? : बेळगाव भागातली रोजची नवलाई, आवडतं पुस्तक आणि मनातलं स्वप्न

मार्कंडेयकाठ | २३ मे

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढत गेला. आता समोरचं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं अंधुक कळतं. चष्म्यानं किंवा ऑपरेशननं ही नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. सगळा जन्म शेतात काढलेली बाई. कंग्राळीच्या पुढं नदीकडेला आमची थोडी भातजमीन आणि रताळ्याचं एक वावर आहे. तिथला प्रत्येक बांध त्यांच्या पायाखालचा.

मी शहरात हिशेबाचं काम करते. संध्याकाळी घरी पोचले की गाडी स्टँडवर लावेपर्यंत कट्ट्यावरून हाक येते, "आज काय दिसलं गं?" आधी आधी मी म्हणायची, "काही नाही आई, रोजचंच." एकदा त्या म्हणाल्या, "रोजचं म्हणजे काय काय, तेच सांग की. मला रोजचंच दिसंना झालंय."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बघत यायला लागले. आणि सांगायचं म्हटलं की नुसतं बघून भागत नाही, हे लगेच कळलं. "पुलाच्या कठड्यावर खंड्या होता" म्हटलं, तर पुढचा प्रश्न तयार : "कुठला? पांढऱ्या गळ्याचा का बारका निळा?" मला ते माहीत नव्हतं. परत दुसऱ्या दिवशी पुलावर गाडी थांबवली. पांढऱ्या गळ्याचा होता. मासा धरला, कठड्यावर दोनदा आपटला आणि मगच गिळला. हे सांगितल्यावर आईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही.

आता वही घातली आहे. रोज दोन-चार ओळी. या आठवड्यातल्या काही :

बहाव्याला फुलं आहेत आणि गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगाही तशाच लोंबतायत. एकाच फांदीवर दोन वर्षं.

कोरड्या मातीतच धूळवाफेची पेरणी झालेल्या रानात साळुंक्या आहेत, बगळे नाहीत. (आई म्हणाल्या, बगळे चिखलणीला येतात, नांगराच्या मागं. आता त्यांचं तिथं काय काम?)

वळीव येऊन गेला. मातीचा वास घरात शिरायच्या आधी आईंनी ओळखला. मी मोबाइलवर वाचून दाखवलं, की हा वास मातीतल्या सूक्ष्म जिवांनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे माती जिवंत आहे, एवढंच की."

पुस्तकाचं म्हणाल तर दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. १९५६ सालचं पुस्तक, चैत्रापासून एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख. जो महिना चालू असेल तो मी आईंना वाचून दाखवते. अर्ध्या वाक्यात त्या थांबवतात आणि आपल्या शिवारातलं सांगायला लागतात. एक लेख चार-चार रात्री चालतो.

आणि स्वप्न : पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एकही दिवस न चुकता ही वही भरायची. यंदाच्या पाडव्याला सुरू केलीय. अजून खाडा नाही.

तुमच्याकडं आज काय दिसलं? कुठलं पुस्तक जवळचं? मनात काय आहे? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, सगळीकडच्यांनी लिहा. मी आईंना वाचून दाखवणार आहे.

कुंदा_आणि_पाऊस | २३ मे

वाचतेय. "एकाच फांदीवर दोन वर्षं" वाचून टिळकवाडीतला आमच्या दारातला बहावा जाऊन बघून आले. खरंच आहे. इतकी वर्षं बघते, शेंगा दिसल्याच नव्हत्या.

जांबोटीकडचा | २४ मे

आजींना नमस्कार सांगा.

आमच्याकडं काजव्यांचे दिवस सुरू झालेत. मे संपत आला, दोन वळीव पडले, की ओढ्याच्या कडेच्या झाडांवर सुरू होतात आणि पाऊस जोर धरला की आठ-पंधरा दिवसांत संपतात. ते बघायला आता गाड्या भरून लोक येतात. खरं मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, जे बघायला कुणी येत नाही.

मागच्या वर्षी पावसाळा सरताना, परसातल्या चिऱ्याच्या गडग्यावर रात्री बारीक हिरवा ठिपका दिसला. हलत होता, पण लुकलुकत नव्हता. बॅटरी न लावता गुडघे टेकून जवळ गेलो. डोळे सरावल्यावर दिसलं : बोटाच्या पेराएवढी काळपट चपटी अळी, पाठीवर कौलं एकावर एक बसवावीत तशा पट्ट्या. शेपटीकडं दोन ठिपके, तिथून तो उजेड. तिच्या पुढ्यात तिच्याहून मोठी गोगलगाय. अळीनं बारीकसं डोकं बाहेर काढलं, गोगलगायीच्या मऊ अंगाला चावा घेतला आणि डोकं आत ओढून घेतलं. थोडं थांबली. परत तेच. पाच-सहा वेळा. गोगलगाय हळूहळू सुस्तावली. त्या चाव्यातून तिला बधिर करणारं विष जातं, हे मी नंतर वाचलं. मग अळी शंखात तोंड घालून खात बसली ती माझे पाय आखडले तरी उठली नाही.

ही काजव्याची अळी. पावसाळ्यात अंड्यातून निघते आणि महिनोन्महिने ओल्या पाल्यात, दगडांच्या फटीत अशीच गोगलगायी खात वाढते. पंख फुटून झाडावर चमकणारा काजवा जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो. त्या चमकण्यानं नर-मादी एकमेकांना शोधतात. म्हणजे आपण जे बघायला जातो ते त्याच्या आयुष्याचं शेवटचं पान. उजेडही कसा, तर थंड. ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य हवेतल्या प्राणवायूशी मिळतं आणि त्यातली बहुतेक सगळी शक्ती उजेडातच जाते, उष्णतेत वाया जात नाही.

तेव्हापासून परसातला पाला मी जाळत नाही आणि मागचा दिवा रात्री बंद ठेवतो. उजेडात त्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत. यंदा गडग्याच्या वरच्या करंजावर काजवे आहेत. काल मोजायचा प्रयत्न केला, मोजवत नाहीत.

स्वप्न म्हणाल तर तळेवाडीकडच्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ एकदा बघायचं आहे. रॉटन्स फ्री टेल्ड बॅट असं त्याचं नाव. १९१३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि पुढं कित्येक वर्षं अख्ख्या जगात ते फक्त या आमच्या खानापूर तालुक्यातच माहीत होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. गुहेत शिरून त्यांना उठवायचं नाही, हे पक्कं आहे. संध्याकाळी बाहेर पडताना लांबून, परवानगी काढून, कुणा जाणकाराबरोबर बघायला मिळालं तर बास.

माळ्यावरून | २४ मे

धागा चांगला आहे. खरं एक बाजू मांडतो, राग मानू नका. मीही खानापूर तालुक्यातलाच. २०११ साली भीमगड अभयारण्य झालं, १९० चौरस किलोमीटरचं. त्याच्या कडेला आमचं रान. भात पोटरीला आलं की आम्ही रात्री माळ्यावर राखणीला असतो. गवे आले तर एका रात्रीत वर्षाचं पीक तुडवून जातात. रानडुकरं तर रोजची. हत्ती आला त्या वर्षी मी आणि वडील पहाटेपर्यंत डबे बडवत होतो. वडील तेव्हा सत्तरीचे. नुकसानीचा अर्ज केला, फेऱ्या मारल्या, मिळालं त्यात बियाणंसुद्धा आलं नाही. निसर्गाची नवलाई लिहिताना रात्रभर जागणाऱ्या माणसाचंही लिहा.

मार्कंडेयकाठ | २४ मे

दादा, राग कसला. तुमचं लिहिणं आईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, त्यांच्या माहेरी, चंदगडकडं, त्यांचे वडीलही असेच माळ्यावर असायचे आणि त्या रात्रीचं जेवण घेऊन जायच्या. त्यांनी विचारायला सांगितलंय : माळ्यावरून रात्री काय काय ऐकू येतं?

माळ्यावरून | २६ मे

आजींनी विचारलं म्हणून दोन दिवस विचार केला.

पहिल्यांदा बेडूक. ते सगळ्यांना माहीत आहेत. रात्र चढली की रातवा पक्ष्याचा आवाज. कुणीतरी लाकडावर लाकूड एकसारखं ठोकावं तसा, एकाच लयीत. मग भेकर, जंगलातलं बारकं हरीण. भेकर भुंकतं, कुत्र्यासारखं, एकेक भुंकणं सुटं सुटं. ते भुंकायला लागलं की आम्ही सावध होतो, कारण ते उगीच भुंकत नाही, त्याला काहीतरी दिसलेलं असतं. आणि गवे येण्याआधी बेडूक थांबतात. चालण्याचा आवाज येत नाही, एवढं धूड असून. बांधाच्या एका कोपऱ्यातले बेडूक गप्प होतात, मग त्याच्या शेजारचे. गवा कुठून कुठं सरकतोय ते अंधारात त्या गप्प होण्यावरून कळतं. हे मला वडिलांनी शिकवलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

जांबोटीकडचा | २६ मे

दादा, मी त्याच जंगलाच्या कडेला राहतो आणि हे बेडकांचं मला माहीत नव्हतं. राखणीच्या दिवसांत एक रात्र तुमच्या माळ्यावर येऊ का? जागायला आणखी दोन डोळे होतील.

माळ्यावरून | २६ मे

या. भाकरी आमच्याकडची. डबा बडवायला लागेल.

शहापूर_माग | २८ मे

आमचं घर विणकराचं. आजोबांपासून साडीचे माग आहेत, आता दोनच चालतात. परवाच्या वळवात वडगावच्या शिवारात विहिरीवरची बाभळीची फांदी मोडली आणि तिच्यावरचं गेल्या वर्षीचं सुगरणीचं घरटं विहिरीच्या काठावर पडलं. रिकामं होतं. घरी आणलं.

विणकराच्या डोळ्यानं बघितलं ते सांगते. आमच्या कापडात उभे धागे आधी ताणून बसवलेले असतात, मग आडवा धागा धोट्यानं त्यातून जातो. ताण असल्याशिवाय विणकाम नाही. सुगरणीकडं उभा-आडवा काही नाही आणि ताणून धरायला माग नाही. घरटं हवेत लोंबतंय, वाऱ्यावर हलतंय, आणि चोचीनं एकेक पाती आत घालून, फिरवून, गाठ मारून ओढून घेतलीय. वरचा भाग, जिथं फांदीला धरलंय, तिथं गाठी इतक्या घट्ट की सुई शिरेना. पोटाकडं सैल. खाली नळीसारखं दार, तिथं तर विणीचं टोकच सापडत नाही. भाताच्या आणि गवताच्या पानांच्या उभ्या चिरलेल्या बारीक पात्या. मी उसवायला बसले, एकेक मोजत. दोनशे पाती झाल्यावर थांबले. अजून अर्धंही उसवलं नव्हतं आणि पुढं मोडायला हात धजेना.

आत, अंडी घालायच्या जागेजवळ, वाळलेल्या चिखलाचे गोळे चिकटवलेले होते. हे कशाला ते मला कळलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. माझ्या अंदाजानं वजनासाठी असावेत. आम्हीही ताणाला वजन बांधतो.

आमच्या घरात पुस्तकं कमी. शाळेत असताना कडोलीच्या साहित्य संमेलनाला बाबा सायकलवर घेऊन गेले होते, तिथल्या स्टॉलवरून घेतलेलं एक पक्ष्यांचं चित्रांचं पुस्तक अजून आहे, कव्हर गेलंय. स्वप्न एकच : सुगरणीच्या विणीसारखा काठ एका साडीला काढायचा. कागदावर तीन वेळा काढला, मागावर बसत नाही. सोडलेलं नाही.

निपाणीची | २९ मे

ताई, काय लिहिलंय! मी निपाणीची, बी.एस्सी.ला आहे, प्राणिशास्त्र. चिखलाच्या गोळ्यांबद्दल : ते कशासाठी असतात यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वाऱ्यात घरटं स्थिर राहावं म्हणून वजन, असा एक अंदाज आहेच, म्हणजे तुमचाच.

आणि गंमत म्हणजे 'सुगरण' म्हणतो आपण, पण विणतो नर. अर्धं विणून झालं, टोपीसारखं दिसायला लागलं, की माद्या येऊन बघतात. एखादीला पसंत पडलं तर पुढचं पूर्ण करतो, नाही पडलं तर बरेचदा तसंच टाकून देतो. बाभळीवर अर्धवट टोप्या लोंबताना दिसतात त्या याच. नर एकाच हंगामात एकाहून अधिक घरटी आणि संसार करतो, हे सलीम अलींनी १९३० साली किहीमला राहून, रोज एकाच वसाहतीकडं बघत बसून शोधलं. त्यांना तेव्हा नोकरी नव्हती. त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक पुढं १९४१ साली आलं. माझ्याकडं त्याची जुनी आवृत्ती आहे, आमच्या सरांनी दिलेली. त्यात पेन्सिलीनं सरांनी पक्षी कुठं दिसला ते लिहिलंय : स्तवनिधी घाट, जवाहर तलाव. मी त्याच्याखाली माझी तारीख घालते.

स्वप्न : पक्ष्यांवर संशोधन. घरी सगळे म्हणतात बी.एड. कर, नोकरी लागेल. दोन्ही करीन म्हणते. पण खरं काय करायचंय ते इथं लिहून ठेवते, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

शहापूर_माग | २९ मे

नर विणतो होय. आमच्याकडंही मागावर बाबाच, कांड्या भरायला आम्ही. आज बाबांना सांगितलं, फार खूश झाले.

घटप्रभातीर | ३१ मे

मी मराठी, बायको कन्नड, राहतो गोकाकजवळ. घरात दोन्ही भाषा. इथलं खंड्याचं आणि काजव्याचं बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "दोघांचं नाव एकच की!" कन्नडमध्ये मिंचु म्हणजे वीज, लखलखणं. काजवा म्हणजे मिंचुहुळ, लखलखणारा किडा. आणि खंड्या म्हणजे मिंचुळ्ळी. त्यातही तोच मिंचु. निळी वीज पाण्यात पडावी तसा सूर मारतो तो. आमच्या मराठीत तो खंड्या नाहीतर धीवर, म्हणजे कोळी. एका भाषेनं त्याचा रंग बघितला, दुसरीनं त्याचा धंदा. आमच्या पोरीला दोन्ही नावं येतात, म्हणून तिला एकाच पक्ष्यात दोन पक्षी दिसतात, असं मला वाटतं. सौंदत्तीजवळचं मलप्रभेवरचं धरण नविलुतीर्थ, आपण सगळे जातो. नविलु म्हणजे मोर, हे मला लग्नानंतर कळलं.

पुस्तक म्हणून बेंद्रे सांगतो. धारवाडचे द. रा. बेंद्रे. घरची भाषा मराठी, कविता कन्नडमध्ये, १९७३ सालचं ज्ञानपीठ. फुलपाखरावरची त्यांची 'पातरगित्ती' बायकोनं शाळेत पाठ केलेली, तीच आता पोरगी म्हणते. मला निम्मी कळते, निम्मी बायको समजावते.

इथं धुपदाळच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात हिवाळ्यात कांड्या करकोचे येतात, डेमॉइझेल क्रेन. मंगोलिया, मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून. राखी रंग, डोळ्यामागून पांढरी पिसं कानावर लोंबतात. सकाळी थवा उठला की आधी आवाज, मग सावली, मग पक्षी. मार्कंडेयकाठ ताई, तुमची मार्कंडेय शेवटी आमच्या घटप्रभेलाच मिळते. आजींना हिवाळ्यात घेऊन या. दिसलं नाही तरी आवाज ऐकू येईल. फार लांबून ऐकू येतो.

पुण्यातून | २ जून

मूळची बेळगावची, तीस वर्षं पुण्यात. इंदिरा संतांच्या कवितांशिवाय मला दुसरं पुस्तक सुचत नाही. त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षं बेळगावात गेली. 'गर्भरेशीम'ला १९८४ साली साहित्य अकादमी मिळालं तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले होते. त्यांच्या कवितेतला पाऊस वाचताना मला नेहमी वाटतं, हा दुसरीकडचा नाही, हा आमचाच, दिवसचे दिवस न थांबता पडणारा, भिंतीला ओल आणणारा. स्वप्न : एक अख्खा पावसाळा परत तिथं. अजून जमलेलं नाही.

मार्कंडेयकाठ | ११ जून

उशिरा लिहितेय. पेरणीचे आणि पावसाचे दिवस.

सगळं आईंना वाचून दाखवलं. बेडकांचं दोनदा. धुपदाळला नक्की येणार म्हणाल्या, आत्तापासून शाल कुठली घ्यायची ते ठरलंय. पावशाचं कुणी कसं लिहिलं नाही म्हणून थोड्या रुसल्या. पहाटे तो "पेरते व्हा, पेरते व्हा" ओरडतो, आणि त्या अंथरुणातूनच आम्हाला सांगतात, "ऐका, तो काय म्हणतोय."

मृग लागला. पहिल्या सरीनंतर वावरात मृगाचे किडे निघाले. लाल मखमलीचे. एक तळहातावर घेऊन आईंच्या हातावर ठेवला. रंग दिसला नाही. बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हाच तो."

मग म्हणाल्या, टिटवीनं अंडी कुठं घातलीत बघून ये. उंचावर घातली तर पाऊस जोराचा, खोलगटात घातली तर बेताचा, असं त्यांच्या लहानपणापासूनचं. मी परवा सकाळी गेले. टिटवी ओरडत डोक्यावरून घिरट्या घालत होती, म्हणजे जवळच असणार. तरी पाव तास सापडेनात. रताळ्याच्या वावराच्या वरच्या अंगाला, खड्यांच्या मधोमध, माझ्या पायापासून वितीभर अंतरावर होती. चार. मातकट, काळ्या ठिपक्यांची. खडा कुठला, अंडं कुठलं, कळत नाही. लगेच मागं फिरले आणि घरी येऊन सांगितलं : उंचावर आहेत, चार आहेत.

"टोकं आत हाईत काय भाईर?"

मी ते बघितलंच नव्हतं. काल परत गेले. चारही अंड्यांची निमुळती टोकं आत, मधोमध एकमेकांना टेकलेली, फुलाच्या पाकळ्यांसारखी. येऊन सांगितलं. आई म्हणाल्या, "मग घालून झालीत. बसली ती आता."

ह्यांनी ट्रॅक्टरवाल्याला तेवढा तुकडा सोडून फिरवायला सांगितलंय. चार कोपऱ्यांना काठ्या रोवल्यात. निपाणीची, पिल्लं निघायला किती दिवस लागतात गं?

निपाणीची | ११ जून

चार आठवड्यांच्या आसपास, ताई. पिल्लं निघाली की थोड्याच वेळात चालायला लागतात, घरट्यात थांबत नाहीत. तेव्हा शेवटी शेवटी रोज बघा, नाहीतर चुकेल. फोटो काढायला फार जवळ जाऊ नका, ती उठली की कावळे टपलेले असतात.

मार्कंडेयकाठ | १२ जून

सांगितलं. आईंनी बोटांवर आठवडे मोजले आणि म्हणाल्या, "तोवर कामावरनं येताना रोज तिकडनंच ये."